बोअरच्या पाण्यात हायड्रोजेल किती टिकते: प्रकल्प नोंदी, जून ते सप्टेंबर 2025

16 जून
काम ठरले: शेतीसाठीचे पाणीधारक हायड्रोजेल प्रयोगशाळेत बनवायचे आणि त्याची फुगवण डिस्टिल्ड पाण्याऐवजी बोअरच्या पाण्यात मोजायची. पाकिटांवर "वजनाच्या तीनशे-चारशे पट पाणी" असे छापलेले असते. तो आकडा बहुधा खराच असतो, पण तो डिस्टिल्ड पाण्यातला असतो. आपल्याकडच्या बेसाल्टातून येणाऱ्या बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम भरपूर असतात. पॉलिॲक्रिलेटच्या जेलला सगळ्यात जास्त मारक हेच दोन आयन.

कल्पना जुनी आहे. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या इलिनॉयमधील पिओरिया येथील प्रयोगशाळेत 1970 च्या दशकात स्टार्चवर ॲक्रिलोनायट्राइलच्या साखळ्या वाढवून असे पदार्थ केले गेले. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचे पुसा हायड्रोजेल सेल्युलोजवर आधारलेले आहे. आपण साधे, जाळीबद्ध पोटॅशियम पॉलिॲक्रिलेट घेऊ, कारण त्याचे रसायन कागदावर पूर्ण मांडता येते आणि कुठे बिघडले ते शोधता येते.

दोन निर्णय आजच घेतले. ॲक्रिलअमाइड वापरायचे नाही. त्याने फुगवण क्षारांना थोडी कमी दबते, पण तो मोनोमर (पॉलिमरच्या साखळीचा सुटा घटक) मज्जासंस्थेला घातक आहे, आणि मातीत जाणाऱ्या वस्तूत त्याचा उरलेला अंश नको. दुसरा निर्णय, उदासिनीकरणाला सोडियमऐवजी पोटॅशियम हायड्रॉक्साइड. जमिनीत सोडियम वाढवून काळ्या मातीचा पोत बिघडवण्यात अर्थ नाही.

मात्रेचा हिशेब सुरुवातीलाच करून ठेवला, म्हणजे नंतर भलते दावे होणार नाहीत. हेक्टरी 5 किलो जेल, 300 पट फुगवण धरली तरी 1500 लिटर पाणी. 10,000 चौरस मीटरवर पसरले तर ते 0.15 मिलिमीटर. म्हणजे अख्ख्या शेताचे पाणी जेल धरून ठेवते ही समजूत चुकीची. उपयोग झालाच तर तो बियाण्याच्या ओळीत, रोपाच्या खड्ड्यात, मुळाला लागून.

18 जून
ॲक्रिलिक ॲसिडच्या (आपल्या जेलचा मोनोमर) बाटल्या आल्या. साठवणीचे नियम फलकावर लावले. हे न पाळल्यास नुसता प्रयोग बिघडत नाही, अपघात होतो.

हे आम्ल 13 ते 14 अंश सेल्सिअसला गोठते. म्हणून साध्या फ्रिजमध्ये ठेवायचे नाही. गोठताना स्फटिकांत शुद्ध आम्ल जाते आणि इनहिबिटर (आम्ल आपोआप जुळू न देणारा पदार्थ) उरलेल्या द्रवात साठतो. मग वितळवताना काही भागात इनहिबिटर जवळजवळ नसतोच. अशी बाटली चुकून गोठली तर 25 अंशांच्या पाण्यात सावकाश वितळू द्यायची, मधूनमधून हलवायची. हीटर, गरम हवा, उकळते पाणी अजिबात नाही. अर्धवट वितळलेल्या बाटलीतून द्रव ओतून घेणेही चूक.

दुसरे, यातला इनहिबिटर मिथॉक्सिफिनॉल आहे आणि तो विरघळलेल्या ऑक्सिजनच्या सोबतीनेच काम करतो. बाटलीवर नायट्रोजन भरून ठेवण्याची सवय इथे उलटी पडेल. बाटलीत हवा हवी. इनहिबिटर काढायच्या भानगडीत पडायचे नाही असे ठरले. बॅच लावताना नायट्रोजनने ऑक्सिजन घालवला की तेवढा इनहिबिटर परसल्फेटला (पॉलिमरीकरण सुरू करणाऱ्या पदार्थाला) अडवू शकत नाही, फक्त सुरुवात काही मिनिटे लांबते.

जुन्या बाटलीत आम्लाचा डायमर (दोन रेणूंची जोडी) हळूहळू वाढत राहतो. पुढे जेल वाळवताना तो तुटून पुन्हा मोनोमर देतो. त्यामुळे उत्पादनाची तारीख नोंदवून ठेवली.

20 जून
क-1 बॅच, बीकरमध्ये. ॲक्रिलिक ॲसिड 36 ग्रॅम, पॉलिमरचे प्रमाण 33 टक्के, 65 अंशांचा वॉटर बाथ. परसल्फेट टाकल्यावर बारा मिनिटे काही नाही, मग मिनिटभरात सगळे मिश्रण उकळून फेसाळले आणि बीकरच्या वर आले. मधला भाग भेंडासारखा सच्छिद्र, कडा काचेसारख्या घट्ट. बॅच टाकून दिली.

कारण आकड्यांतच होते, ते आधी मांडायला हवे होते. ॲक्रिलिक ॲसिडच्या पॉलिमरीकरणात मोलला सुमारे 77 किलोज्यूल उष्णता निघते. अर्धा मोल म्हणजे 38.5 किलोज्यूल. दीडशे ग्रॅम मिश्रणाची उष्माधारकता ग्रॅमला 3.4 ज्यूल धरली तर उष्णता बाहेर न गेल्यास तापमान सुमारे 75 अंशांनी चढते. 65 मध्ये 75 मिळवा. पाणी त्याच्या कितीतरी आधी उकळते. जेल धरू लागल्यावर ढवळणे बंद पडते, चुंबकाची कांडी अडकते, आणि बीकरच्या मध्यापासून काचेपर्यंत उष्णता जायला वाटच नसते.

उपाय तीन आणि तिन्ही एकदम: बॅच निम्मी, पॉलिमरचे प्रमाण 25 टक्के, आणि थर सेंटिमीटरपेक्षा पातळ.

24 जून
क-2. भांड्याऐवजी जाड प्लास्टिकची (एलडीपीई) पिशवी. 100 मिली मिश्रण 10 गुणिले 12 सेंटिमीटरच्या पिशवीत आडवे पसरले की थर साधारण 8 मिलिमीटरचा होतो. सील करून जाळीच्या ट्रेवर ठेवून 60 अंशांच्या बाथमध्ये बुडवली. यावेळी उकळले नाही. थर्मोकपल पिशवीला बाहेरून चिकटवला होता, कमाल 78 अंश दिसले.

मात्र वरची बाजू चिकट राहिली, बोटाला तार येत होती. पिशवीत हवेचा बुडबुडा राहिला होता आणि चिकटपणा नेमका त्याच जागी. ऑक्सिजन वाढत्या साखळीच्या मुक्त मूलकाला पकडतो आणि तिथली साखळी थांबते. पुढच्या बॅचपासून: मिश्रणातून 20 मिनिटे नायट्रोजन, पिशवीही नायट्रोजनने दोनदा फुगवून रिकामी, आणि सील करण्याआधी द्रव तोंडापर्यंत दाबून हवा पूर्ण बाहेर.

27 जून
क-2 चे जेल कात्रीने 5 मिलिमीटरचे तुकडे करून नायलॉनच्या जाळीवर पसरले, 70 अंशांच्या ओव्हनमध्ये. एक भाग घाई म्हणून 110 अंशांवर ठेवला होता. त्याचे बाहेरचे कवच आधी वाळून कडक झाले, आतले पाणी अडकले, रंगही पिवळसर. तो भाग वेगळा काढला. 70 अंश, 30 तास, मधे दोनदा उलटणे, आणि लागोपाठच्या दोन वजनांत 0.5 टक्क्यांपेक्षा कमी फरक, हीच पद्धत कायम.

तुकडे जाळीला चिकटतात. टेफ्लॉनचा कागद घातला की सहज सुटतात.

2 जुलै
क-2 मध्ये चूक सापडली आणि ती प्रक्रियेची नाही, वजनाची आहे.

0.5 ग्रॅम वाळलेली पूड 0.9 टक्के मिठाच्या 200 मिली द्रावणात ढवळून 0.1 मोलर सोडियम हायड्रॉक्साइडने टायट्रेट केली. 75 टक्के उदासिनीकरण झाले असते तर ग्रॅममागे 2.49 मिलिमोल आम्ल उरायला हवे, म्हणजे 12.4 मिली लागायला हवे होते. लागले 18.6 मिली. हिशेब उलटा केला तर उदासिनीकरण 64 टक्क्यांच्या आसपास येते.

पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या गोळ्या 85 टक्केच शुद्ध असतात; उरलेले बहुतेक पाणी आणि थोडा कार्बोनेट. 10.5 ग्रॅम मोजताना ते शंभर टक्के शुद्ध धरले गेले. 75 गुणिले 0.85 बरोबर 64. उत्तर बाटलीवरच्या लेबलवर होते. इथून पुढे 12.4 ग्रॅम. सोडियम हायड्रॉक्साइड वापरणाऱ्याला हा फटका बसत नाही, त्याची शुद्धता 97-98 टक्के असते. त्यामुळे सोडियमच्या कृतीवरून पोटॅशियमची कृती नुसत्या मोलच्या हिशेबाने उतरवली की चूक होतेच.

हे टायट्रेशन मिठाच्या द्रावणातच करायचे. डिस्टिल्ड पाण्यात जेल इतके फुगते की आतली आम्लता बाहेर यायला तासन् तास लागतात आणि पीएच मीटर मागे-पुढे करत राहतो. मिठातही प्रत्येक थेंबानंतर दोन मिनिटे थांबावे लागते.

7 जुलै
मालिका लावली: क्रॉसलिंकरचे (साखळ्या एकमेकींना जोडून जाळी करणाऱ्या पदार्थाचे) प्रमाण मोनोमरच्या 0.05, 0.1, 0.2 आणि 0.4 मोल टक्के. अंतिम कृती इथे पूर्ण लिहितो, पुढे फक्त फरक लिहू.

क्रॉसलिंकर म्हणजे मेथिलिन-बिस-ॲक्रिलअमाइड (नाव सारखे असले तरी ॲक्रिलअमाइड नव्हे). 19 मिलिग्रॅम थेट मोजण्यात चूक फार. म्हणून 0.385 ग्रॅम 100 मिली पाण्यात विरघळवून साठा द्रावण केले; मिलीमागे 3.85 मिलिग्रॅम. चार बॅचसाठी 5, 10, 20 आणि 40 मिली. साठा त्याच आठवड्यात संपवायचा, बाटली काळी.

ॲक्रिलिक ॲसिड 18.0 ग्रॅम आधी 5 मिली पाण्यात मिसळायचे आणि मगच बर्फात ठेवायचे. नुसते आम्ल बर्फात ठेवले तर ते गोठते. पोटॅशियम हायड्रॉक्साइड 12.4 ग्रॅम 20 मिली पाण्यात, वेगळे थंड केलेले. हे हायड्रॉक्साइड आम्लात, थेंबथेंब, तासभर. या उदासिनीकरणातच दहा किलोज्यूल निघतात. घाई केली तर परसल्फेट टाकण्याआधीच मोनोमर स्वतःहून जुळू लागतो आणि बाटलीच्या तळाशी पांढरे गोळे दिसतात. तापमान 25 अंशांखाली ठेवायचे. मग क्रॉसलिंकरचा साठा, मग उरलेले पाणी, एकूण पाणी 70 मिली. 20 मिनिटे नायट्रोजन. शेवटी पोटॅशियम परसल्फेट 67.6 मिलिग्रॅम 5 मिली पाण्यात, हे 5 मिली त्या 70 मध्ये धरलेलेच. पिशवी, सील, 60 अंश, 3 तास, मग 70 अंशांवर आणखी एक तास, म्हणजे उरलेला मोनोमर कमी होतो.

चारही बॅच स्वच्छ, पारदर्शक, बुडबुडे नाहीत. पॉलिमर प्रत्येकी सुमारे 25 ग्रॅम.

14 जुलै
पूड करणे. मिक्सरच्या कोरड्या भांड्यात पाच-पाच सेकंदांचे झटके. सलग फिरवले तर भांडे तापते, पूड मऊ होऊन पात्यांना बसते. 40 आणि 60 मेशच्या चाळणीमधला भाग घेतला, म्हणजे कण 250 ते 425 मायक्रॉनचे. बारीक भुकटी टाकली, कारण ती पाण्यात पडताच वरचा थर जेल होतो आणि आत कोरड्या गाठी राहतात.

पाऊस सुरू आहे आणि हवेतली आर्द्रता पुडीला लगेच कळते. उघड्या वॉच ग्लासवर ठेवलेल्या 1.000 ग्रॅम पुडीचे वजन दुपारभरात 1.090 झाले. नऊ टक्के चूक, काहीही न करता. पूड डेसिकेटरमध्ये, वजन करण्याआधी 70 अंशांवर दोन तास, आणि बाटली उघडल्यापासून वजनापर्यंत एक मिनिट. हे पावसाळ्यात कसोशीने पाळायचे.

टी-बॅग चाचणी: नायलॉनच्या पिशवीत 0.100 ग्रॅम, 500 मिली पाण्यात, काढून 10 मिनिटे टांगून निथळायची, रिकाम्या ओल्या पिशवीचे वजन वजा. डिस्टिल्ड पाण्यात 24 तासांनंतर क्रॉसलिंकरच्या चढत्या क्रमाने 410, 320, 215 आणि 140 ग्रॅम प्रति ग्रॅम. 0.9 टक्के मिठात 52, 44, 36 आणि 28.

एवढ्या फरकाचे कारण जाळीत नाही, आयनांत आहे. जेलच्या साखळ्यांवर ऋणभार बांधलेला. त्यांचे पोटॅशियम आयन आत अडकलेले. आत आयन जास्त आणि बाहेर कमी, म्हणून पाणी आत ओढले जाते. बाहेर मीठ घातले की हा फरकच कमी होतो. म्हणून डिस्टिल्ड पाण्याची वाहकता सुद्धा लिहायला हवी; आज ती सेंटिमीटरला 3 मायक्रोसीमेन्स होती. नीट न धुतलेल्या बीकरमधला आकडा 40 ने कमी आला.

17 जुलै
टी-बॅगमध्ये कणांच्या मधले पाणीही मोजले जाते. म्हणून त्याच पिशव्या सेंट्रिफ्यूजमध्ये, गुरुत्वाच्या 250 पट, 3 मिनिटे. आपल्या रोटरची त्रिज्या 10 सेंटिमीटर, त्यासाठी मिनिटाला सुमारे 1500 फेरे. मिठाच्या द्रावणात 0.1 टक्केवाली बॅच 44 वरून 36 वर आली. पुढे मिठातल्या आणि जड पाण्यातल्या सगळ्या आकड्यांना सेंट्रिफ्यूजचीच पद्धत. डिस्टिल्ड पाण्यातल्या मऊ जेलला ती चालत नाही, जेल जाळीतून पिळून बाहेर येते.

न जुळलेला पॉलिमर: 1 ग्रॅम पूड 200 मिली मिठाच्या द्रावणात 16 तास ढवळून गाळली, गाळलेले द्रावण आधी पीएच 10 पर्यंत, मग आम्लाने 2.7 पर्यंत टायट्रेट केले. 0.05 टक्केवाल्या बॅचमध्ये विरघळणारा भाग 19 टक्के, 0.1 मध्ये 11, 0.2 मध्ये 7. 0.05 ची बॅच इथेच सोडली. 410 चा आकडा मोहक आहे, पण ते जेल हातात बुळबुळीत लागते आणि पाचवा हिस्सा पाण्यासोबत वाहून जाईल. पुढचे सगळे काम 0.1 टक्क्यावर.

22 जुलै
विद्यापीठाच्या आवारातल्या बोअरचे पाणी. पंप दहा मिनिटे चालवून मगच नमुना घेतला, कारण पाइपात साचलेले पाणी खरे नसते.

50 मिली नमुना, अमोनिया बफर, पीएच 10, एरिओक्रोम ब्लॅक टी निर्देशक. 0.01 मोलर ईडीटीए (कॅल्शियम-मॅग्नेशियमला बांधणारा पदार्थ) 20.6 मिली लागले. म्हणजे एकूण दुष्फेनता (पाण्याचा जडपणा) कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबाने लिटरला 412 मिलिग्रॅम, किंवा 4.12 मिलिमोल. भारतीय मानक 10500 नुसार पिण्याच्या पाण्यात 200 स्वीकार्य, पर्यायी स्रोत नसेल तर 600 पर्यंत चालते. म्हणजे हे पाणी काही अपवादात्मक नाही.

फक्त कॅल्शियमसाठी पीएच 12 च्या वर नेऊन पॅटन-रीडर निर्देशकाने: 11.8 मिली. म्हणजे कॅल्शियम 2.36 मिलिमोल, मॅग्नेशियम 1.76. हे टायट्रेशन लगेच उरकावे; वाट पाहिली तर मॅग्नेशियम हायड्रॉक्साइडच्या साक्यासोबत निर्देशकही बसतो आणि रंगबदल पुसट होतो.

25 जुलै
बोअरच्या पाण्यात फुगवण, वेळेनुसार. 0.100 ग्रॅम, 500 मिली. 5 मिनिटांनी 71, 20 मिनिटांनी 108, तासाने 83, 4 तासांनी 37, 24 तासांनी 13.

जेल आधी फुगते आणि मग आक्रसते. पाणी लवकर आत शिरते; कॅल्शियम मागून येतो, एकेका कार्बोक्सिलेटला (साखळीवरच्या ऋणभारित गटाला) पकडत आत सरकतो, आणि दोन साखळ्यांना एकाच कॅल्शियमने बांधून टाकतो. म्हणजे क्रॉसलिंकर 0.1 टक्केच टाकला असला तरी पाण्याने स्वतःचे क्रॉसलिंक भरभरून घातले. 24 तासांनंतरचे कण पांढुरके, दाबल्यावर रबरासारखे.

अर्ध्या तासात चाचणी थांबवणाऱ्याला शंभराच्या वरचा आकडा मिळेल आणि तो प्रामाणिकपणे तोच छापेल. बोअरच्या पाण्यातला कोणताही आकडा वेळ लिहिल्याशिवाय या वहीत घ्यायचा नाही.

31 जुलै
कॅल्शियम खरेच जेलमध्ये गेला का, याचा ताळेबंद. कालच्या भिजवणीनंतर उरलेले पाणी गाळून पुन्हा टायट्रेशन. 50 मिलीला एकूण 17.1 मिली ईडीटीए, कॅल्शियमला 8.7. म्हणजे 500 मिलीतून द्विसंयुजी आयन (कॅल्शियम आणि मॅग्नेशियम मिळून) 0.35 मिलिमोल कमी झाले, त्यात कॅल्शियम 0.31.

जेलची क्षमता: 25.1 ग्रॅम पॉलिमरमध्ये 0.1875 मोल कार्बोक्सिलेट, ग्रॅमला 7.46 मिलिमोल. 0.1 ग्रॅमला 0.746, आणि कॅल्शियम दोघांना धरतो म्हणून 0.373. मोजले 0.35. ताळा जवळजवळ पूर्ण जमला. पाण्यात कॅल्शियमचा वाटा 57 टक्के, जेलने घेतलेल्यात 89 टक्के. मॅग्नेशियम आपल्याभोवतीचे पाण्याचे कवच सहज सोडत नाही, त्यामुळे कार्बोक्सिलेटला तेवढा जवळ जात नाही.

आता मुख्य हिशेब. 1 ग्रॅम जेलला भरायला 3.73 मिलिमोल लागतात. या बोअरच्या पाण्यात लिटरला 4.12 आहेत. म्हणजे 0.9 लिटर पाणी त्या ग्रॅमभर जेलवरून गेले की सगळ्या जागा भरल्या. बोअरच्या पाण्यातल्या बायकार्बोनेटने उरलेले 25 टक्के आम्लही उदासीन केले असे धरले तर 1.2 लिटर. एका पाळीला जेल 100 मिली पाणी घेत असेल तर नऊ ते बारा पाळ्या. रब्बीच्या एकाच हंगामात जेलचे काम आटोपण्याची शक्यता आहे.

6 ऑगस्ट
पाळ्यांची चाचणी सुरू. 1.00 ग्रॅम जेल पेट्री डिशमध्ये, दर पाळीला 100 मिली बोअरचे पाणी, 4 तास, उरलेले पाणी चाळणीतून निथळून वजन, मग पंख्याच्या ओव्हनमध्ये 45 अंशांवर रात्रभर सुकवणे. एकाच वेळी तीन नमुने.

ओव्हनची वीज काल रात्री तीन तास गेली होती. तिसऱ्या डिशमध्ये सकाळी ओल होती. पाळी पुढे ढकलली. अर्धवट सुकलेल्या जेलवर नवी पाळी दिली तर आकडे एकमेकांशी जुळत नाहीत.

12 ऑगस्ट
खतांचा परिणाम, 0.1 टक्केवाली बॅच, डिस्टिल्ड पाण्यात लिटरला 1 ग्रॅम खत. युरिया: फुगवण 312, म्हणजे जवळजवळ फरक नाही, युरियाचे आयन होत नाहीत. पोटॅशियम नायट्रेट: 104. डीएपी: 86. या तिन्हींनंतर जेल डिस्टिल्ड पाण्यात परत टाकले की दोन-तीन धुण्यांत 300 च्या आसपास परत येते. एकसंयुजी क्षारांची दाब तात्पुरती, कॅल्शियमची पकड तशी नाही: बोअरच्या पाण्यातून काढलेले जेल डिस्टिल्ड पाण्यात चार दिवस ठेवूनही 19 च्या वर गेले नाही. ते परत आणायचे तर पातळ हायड्रोक्लोरिक आम्लाने कॅल्शियम बाहेर काढून पुन्हा पोटॅशियम हायड्रॉक्साइड द्यावे लागते. प्रयोगशाळेत जमले, वावरात याला अर्थ नाही.

भाराखालची फुगवणही घेतली. 25 मिलिमीटर आतल्या व्यासाची काचेची नळी, तळाला नायलॉनची जाळी, 0.16 ग्रॅम पूड, वर पिस्टनसकट 104 ग्रॅम वजन. दाब 2.07 किलोपास्कल येतो, म्हणजे साधारण 15 सेंटिमीटर ओल्या मातीचा. मिठाच्या द्रावणात 36 ऐवजी 23. पिस्टन नळीला घासतो का ते आधी कोरडे पाहून घ्यावे. पहिली तीन वाचने त्याच कारणाने टाकावी लागली.

19 ऑगस्ट
स-1 बॅच: पाचवा भाग ॲक्रिलिक ॲसिडऐवजी ॲम्प्स, म्हणजे सल्फोनेट गट असलेला मोनोमर. सल्फोनेट कॅल्शियमला कार्बोक्सिलेटइतका घट्ट धरत नाही, आणि साखळीवरचा भार टिकून राहतो. त्यात अमाइडचा बंध आहे, पण हा मोनोमर ॲक्रिलअमाइड नव्हे. तरीही उरलेला मोनोमर मोजल्याशिवाय मातीत टाकायचा नाही.

ॲक्रिलिक ॲसिड 14.4 ग्रॅम, ॲम्प्स 10.4 ग्रॅम, 85 टक्क्यांचे पोटॅशियम हायड्रॉक्साइड 13.2 ग्रॅम, पाणी 92 मिली. परसल्फेट आणि क्रॉसलिंकर क-मालिकेतल्या 0.1 टक्क्याप्रमाणेच. ॲम्प्स स्वतः तीव्र आम्ल आहे. तो आधी थंड हायड्रॉक्साइडच्या द्रावणात विरघळवून उदासीन करायचा, मग ॲक्रिलिक ॲसिड. उलट क्रमाने केले तर तीव्र आम्लाच्या द्रावणात मोनोमर तसाच पडून राहतो आणि जुळायला लागण्याची भीती असते.

जेल क-मालिकेपेक्षा मऊ निघाले, वाळायला सहा तास जास्त.

26 ऑगस्ट
क (क-मालिकेतली 0.1 टक्केवाली बॅच) च्या दहा पाळ्या पूर्ण. तीन नमुन्यांची सरासरी, ग्रॅम प्रति ग्रॅम: पहिल्या पाळीत 88, तिसऱ्यात 66, पाचव्यात 43, आठव्यात 22, दहाव्यात 15. पहिल्या पाळीत एवढा आकडा टिकतो कारण 100 मिलीतले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम मिळून जेलच्या क्षमतेच्या नवव्या भागाएवढेच. 500 मिलीत 0.1 ग्रॅम टाकल्यावर एका दिवसात जे झाले, तेच इथे दहा पाळ्यांत झाले. पाण्याचे आणि जेलचे प्रमाण लिहिल्याशिवाय जड पाण्यातल्या दोन आकड्यांची तुलना करता येत नाही, हे या आठवड्याचे सगळ्यात उपयोगी निरीक्षण.

उद्यापासून गणपतीची सुट्टी. स-1 च्या पाळ्या आज सुरू केल्या. ओव्हन आणि पाणी पाहायला पाळीपाळीने यायचे ठरले आहे.

9 सप्टेंबर
स-1, आठ पाळ्या. पहिल्यात 92, तिसऱ्यात 68, पाचव्यात 47, आठव्यात 34. त्याच आठव्या पाळीत क चे 22 होते. स-1 मध्ये ग्रॅमला कार्बोक्सिलेट 4.63 मिलिमोलच, त्यामुळे हिशेबाने सहाव्या पाळीतच ते भरले. त्यानंतर घसरण मंदावली, थांबली नाही. 34 हा आकडा सल्फोनेटच्या जोरावर उभा आहे.

ॲम्प्स महाग आहे, आणि साखळी अजूनही कार्बन-कार्बन बंधांचीच. असा कणा जमिनीत फार सावकाश तुटतो. म्हणून हे प्रमाण 20 वरून 50 टक्क्यांपर्यंत नेण्याआधी सेल्युलोजवर कलम केलेली एक बॅच करून पाहणे जास्त योग्य वाटते.

12 सप्टेंबर
कुंड्यांची तयारी. 2 मिलिमीटरच्या चाळणीतून काढलेली काळी माती, कुंडीमागे 1 किलो. इथे पाणी मऊ वापरले तरी जेल वाचेलच असे नाही. काळ्या मातीची धन आयन विनिमय क्षमता किलोला 50 सेंटिमोलच्या आसपास धरली आणि त्यातला बहुतेक भाग कॅल्शियमचा असेल, तर किलोभर मातीत सुमारे 200 मिलिमोल कॅल्शियम अदलाबदलीला तयार आहे. 2 ग्रॅम जेलला लागतात साडेसात. वर चुनखडीचे खडे वेगळेच. म्हणून पावसाचे पाणी, डिस्टिल्ड पाणी आणि बोअरचे पाणी असे तीन गट.

जेल मातीत मोकळे मिसळले तर पुन्हा वेगळे करता येत नाही. प्रत्येक कुंडीत 2 ग्रॅम स-1 किंवा क, 100 मेशच्या नायलॉनच्या चपट्या पिशवीत, 10 सेंटिमीटर खोलीवर. पिशवी फुगायला जागा मिळावी म्हणून 8 गुणिले 8 सेंटिमीटरची, आणि काढायला नायलॉनचा दोरा कुंडीबाहेर. दर पंधरा दिवसांनी एक पिशवी बाहेर, धुऊन वजन, मग आम्लात बुडवून बाहेर आलेल्या कॅल्शियमचे टायट्रेशन. पहिली पिशवी 26 सप्टेंबरला.